वजनाच्या ऑपरेशननंतर गोडाची ओढ परत आली आहे, आणि आखाजी तोंडावर आहे

वाघूरकाठ (१२ एप्रिल, रात्री ११.०५)

मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहितेय, कारण घरात हे कोणाशी बोलता येत नाही.

मी जळगावची, वय ४३, शाळेत शिकवते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझं स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करायचं, ऑपरेशन झालं. तेव्हा वजन ११४ किलो होतं, आज ७८ आहे. मधुमेहाची गोळी बंद झाली, गुडघे दुखायचे थांबले, शाळेचे दोन जिने न थांबता चढते. ऑपरेशनबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पहिले सात-आठ महिने गोडाकडे बघावंसंही वाटलं नाही. चहातली अर्धा चमचा साखरसुद्धा पाकासारखी लागायची. वाटलं, सुटले एकदाची. पण दिवाळीनंतर ओढ हळूहळू परत आली. भूक नसते, पोट भरलेलं असतं, तरी रात्री साडेदहाला ओटा आवरताना मन साखरेच्या डब्यापाशी जाऊन उभं राहतं. आधी बोटाला लावून चाटायचे, मग चमचा आला. परवा सकाळी सासूबाई म्हणाल्या, ‘साखरेचे गोळे कसे झाले गं, पावसाळा तर नाही.’ माझी सातवीतली मुलगी माझ्याकडे बघत होती. ओला चमचा मीच परत डब्यात घातला होता आणि तिला ते माहीत होतं. त्या दिवशी वर्गावर माझं लक्ष लागलं नाही.

आता ३० तारखेला आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. माहेर अमळनेर तालुक्यातलं. आई खापरावर मांडे (पुरणाच्या मोठ्या पोळ्या) करणार, आमरस, सांजोऱ्या, सगळं. गेल्या आखाजीला ऑपरेशनला जेमतेम तीन महिने झाले होते म्हणून मला कोणी आग्रह केला नाही. यंदा आई आत्तापासून फोनवर विचारतेय, ‘एक मांडा तर खाशीलच ना?’

ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी सांगा, तुम्हाला ही ओढ परत आली का? तेव्हा काय केलंत? ‘मनावर ताबा ठेवा’ हे मला ठाऊक आहे, ते सोडून सांगा.

धुळ्याचा_किराणावाला (१२ एप्रिल, रात्री ११.४८)

ताई, आली. सगळ्यांना येते. मला दीड वर्षाने आली. माझं बायपास झालंय, हृदयाचं नव्हे, वजनासाठी जठराचं, २०२१ साली. वजन तेव्हा १३२ होतं.

धंदा किराण्याचा. दिवसभर गुळाच्या ढेपा फोडायच्या, खडे उडतात ते सहज तोंडात जातात. मला ऑपरेशनआधी सांगितलं होतं, ‘तुमचं बायपास आहे, गोड खाल्लं की त्रास होईल, आपोआप सुटेल.’ त्रास झाला हे खरं. शिरपूरला मामेभावाच्या मुलाचा साखरपुडा होता. बासुंदी दोन वाट्या, तीही घाईघाईत, कारण पंगत उठत होती. दहा-पंधरा मिनिटांत कपाळावर घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा, डोळ्यापुढे अंधारी. गाडीच्या मागच्या सीटवर आडवा झालो. बायको रडायला लागली, तिला वाटलं हार्टचंच आहे. तासाभराने उतरलं. डॉक्टर म्हणाले, हेच डम्पिंग. साखरेचा लोंढा थेट लहान आतड्यात जातो, आतडं त्यावर पाणी ओढून घेतं, आणि मग असं होतं.

त्यानंतर वर्षभर भीतीनेच गोड सुटलं होतं. मग मला एक वाईट गोष्ट कळली. हळूहळू खाल्लं तर त्रास होत नाही. गुळाचा एक खडा, अर्ध्या तासाने दुसरा. शरीर काही बोलत नाही आणि दिवसभरात पन्नास ग्रॅम गूळ पोटात जातो. असं करत सहा किलो परत चढलं. म्हणून नवीन लोकांना मी कळकळीने सांगतो, डम्पिंगच्या भरवशावर राहू नका. काही जणांना ते होतच नाही, आणि ज्यांना होतं ते त्याला चुकवायला शिकतात.

मी काय केलं ते उद्या लिहितो, पहाटे माल उतरायचाय.

शिंदखेडा_एक्सप्रेस (१३ एप्रिल, सकाळी ७.१०)

वाचतेय. बहिणीचं ऑपरेशन जूनमध्ये आहे. वाघूरकाठ ताई, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं.

शहाद्याची_सुगरण (१३ एप्रिल, सकाळी ९.२२)

साखर बंद करा आणि गूळ, खजूर, मध वापरा. आमच्याकडे तीन वर्षांपासून घरात साखर नाही. खजुराचे लाडू करून ठेवा, ओढ आली की एक तोंडात टाकायचा. नैसर्गिक गोडाने काही होत नाही. मांडासुद्धा गुळाचाच असतो की.

चाळीसगावची_लेक (१३ एप्रिल, दुपारी २.३०)

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला काम करते, पेशंटमध्ये ऑपरेशन झालेले बरेच असतात. सुगरण ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे मला तुम्हाला अडवावंच लागेल. गूळ ही बहुतांश साखरच आहे. खजुरात शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्या वर साखर असते, मधात ऐंशीच्या आसपास. जिभेला फरक कळतो, लहान झालेल्या जठराला आणि रक्तातल्या साखरेला फारसा कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मोठ्या माणसासाठी वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा चमचे ठेवायला सांगितलं. त्यात गूळ आणि मध दोन्ही धरले आहेत, आणि तो आकडा पोटभर जेवणाऱ्या माणसासाठी आहे. वाघूरकाठ ताई त्याच्या निम्मंही जेवत नसतील.

आता मूळ प्रश्न. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. त्यात वरचा फुगीर भाग जातो, आणि भुकेचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. (१९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधलं, म्हणजे विज्ञानाच्या हिशेबाने कालचीच गोष्ट.) म्हणून सुरुवातीला भूक मेल्यासारखी वाटते आणि गोड अंगावर येतं. वर्षभरात शरीर सावरतं, जिभेची ती तीक्ष्णता कमी होते, आणि मेंदूतली जुनी वाट तिथेच असते. तुम्ही लिहिलंय ना, ‘भूक नसते तरी मन डब्यापाशी जातं’. भूक आणि ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशन भुकेवर जास्त चालतं, ओढीवर थोडे महिने. यात तुमचा गुन्हा काही नाही.

मला काही गोष्टी सांगा. रात्रीचं जेवण किती वाजता? त्यात प्रथिनं किती? झोप किती? माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणांची रात्रीची ओढ दुपारीच तयार झालेली असते. सकाळी पोहे चार चमचे, दुपारी अर्धी पोळी आणि भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किट. दिवसभरात २५ ग्रॅम प्रथिनं जेमतेम. लागतात ६० ते ८०. एका अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात ७-८. घास मोजकेच जात असतील तर पहिला घास प्रथिनाचा हवा, भाजीचा नंतर, भाकरीचा शेवटी.

आणि आमरसाबद्दल खास सांगते. स्लीव्ह झालेल्या माणसाला घन पदार्थ अडवतो, पातळ पदार्थ अडवत नाही. दोन घास भाकरीने पोट भरतं, पण आमरसाची वाटी सरळ उतरते, वर दुसरीही उतरते. दीडशे ग्रॅम रसात आंब्याचीच वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. वर घातलेली वेगळी.

शहाद्याची_सुगरण (१३ एप्रिल, दुपारी ३.१५)

गुळात लोह असतं हे तर खरं ना? पण साठ ग्रॅमचं वाचून लाडवांचा डबा उघडून बघितला. एका लाडवात तीन खजूर आहेत. नवऱ्याला मी रोज दोन देते आणि त्यांना साखर आहे. बोलेन डॉक्टरांशी.

चाळीसगावची_लेक (१३ एप्रिल, दुपारी ३.४०)

असतं, पण तेवढ्यासाठी जितका गूळ खावा लागेल तितका खाऊ नये. ऑपरेशन झालेल्यांनी लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्याच असतात. आणि तुम्ही डबा उघडून पाहिलात हे मला फार आवडलं.

नंदुरबारचे_नाना (१३ एप्रिल, सायंकाळी ६.०२)

राग येऊ नये म्हणून आधीच सांगतो, कुणाला दुखवायचं नाही. पण पोट कापूनही ओढ राहतेच, तर पोट कापायचं कशाला? माझे वडील ८४ वर्षं जगले, शेतात राबले, आखाजीला चार-चार मांडे खायचे आणि अंगावर मूठभर चरबी नव्हती. जिभेवर ताबा आणि अंगाला कष्ट, दुसरं औषध मला दिसत नाही.

धुळ्याचा_किराणावाला (१३ एप्रिल, रात्री १०.२०)

नाना, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. पण १३२ किलोचा माणूस शेतात राबू शकत नाही हो, गुडघे उचलत नाहीत. मी वीस वर्षं ताबाच ठेवत होतो. पंधरा किलो कमी करायचो, अठरा वाढायचे. तीन वेळा झालं. त्याला आळस म्हणायचं का? पूर्वी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा आजार असतील तर ३५, अशी ऑपरेशनची अट होती, १९९१ ची. २०२२ मध्ये जगभरातल्या सर्जनांच्या संघटनांनी ती खाली आणली, ३५ पासून सरसकट, आणि आपल्या आशियाई लोकांत २७.५ पासून विचार करावा म्हणाले, कारण आपल्याकडे कमी वजनालाच साखर लागते. ते काही उगाच नाही केलं.

आता कालचं राहिलेलं. ओढ तोडायला मी तीन गोष्टी बदलल्या. गूळ फोडायचं काम पोऱ्याला दिलं. हे ऐकायला बारीक वाटेल, पण माझा अर्धा प्रश्न तिथेच संपला. सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन उकडलेली अंडी, चुकवायची नाहीत. आणि संध्याकाळी पाच वाजता, गिऱ्हाईक वाढायच्या आधी, मूठभर भाजलेले फुटाणे एकेक करून. पाच वाजता पोट रिकामं राहिलं की साडेआठला गल्ल्यावर बसून हात खड्यांकडे जायचाच. सहापैकी चार किलो उतरले. दोन अजून अंगावर आहेत.

केळीवाला_रावेर (१३ एप्रिल, रात्री १०.५५)

सगळं मान्य, पण आमच्या केळीचं काय ते सांगा बुवा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जळगावचीच माणसं केळी सोडायला लागली तर आम्ही रावेर-यावलवाल्यांनी कोणाकडे बघायचं! माझ्या आत्याचं ऑपरेशन झालंय, ती केळीला हातच लावत नाही. मी दर आठवड्याला फणी पाठवतो, ती शेजारी वाटते.

चाळीसगावची_लेक (१३ एप्रिल, रात्री ११.२०)

आत्याला सांगा, अर्धं केळं, जेवणाऐवजी नव्हे आणि एकटं नव्हे. दह्याच्या वाटीत कापून किंवा दहा-बारा शेंगदाण्यांबरोबर, चावून. मध्यम केळ्यात चौदा ग्रॅमच्या आसपास साखर असते, अर्ध्यात सात. फार पिकलेलं, साल काळी पडलेलं नको. दुधात घुसळून शेक मात्र नाही, कारण तेच, पातळ झालं की सरळ उतरतं.

केळीवाला_रावेर (१३ एप्रिल, रात्री ११.२६)

आत्याला आत्ताच फोन केला. झोपली होती, उठवली. म्हणाली, ‘हे सांगायला उठवलंस होय, पाठव मग उद्या.’ 🙂

पुण्यातला_पाचोरेकर (१४ एप्रिल, सकाळी ८.४५)

मी मुलगा म्हणून लिहितोय. आईचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं, ती ६१ वर्षांची आहे. गेल्या गणपतीत गावी गेलो तेव्हा गादी उलटताना खाली चॉकलेटचे कागद सापडले, नीट घड्या घालून ठेवलेले. वडील ओरडले. पाहुण्यांसमोर म्हणाले, ‘लाखो रुपये घातले आणि ही बघा.’ आई काही बोलली नाही. त्यानंतर कागद सापडायचे बंद झाले आणि वजन वाढायला लागलं. म्हणजे ती आणखी चांगलं लपवायला शिकली.

वाघूरकाठ ताई, तुमच्या साखरेच्या गोळ्यांचं वाचलं आणि मला त्या घड्या आठवल्या. तुमच्या मुलीशी बोला. ती चिडलेली नसेल, घाबरलेली असेल. मी घाबरलो होतो.

आमच्याकडे फरक पडला तो माझ्या बहिणीमुळे. तिने आईला विचारलं, ‘कधी खातेस?’ ‘का खातेस’ असं नाही विचारलं. आई म्हणाली, दुपारी दोन ते चार. वडील झोपलेले, टीव्ही बंद, घरात कोणी नाही. पूर्वी त्या वेळात ती पापड-शेवया करायची, ऑपरेशननंतर सगळ्यांनी मिळून तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं होतं, मोह नको म्हणून. बहिणीने तिला समुपदेशकाकडे नेलं, चार-पाच वेळा. आता त्या वेळात आई शेजारच्या मुलींना शिवण शिकवते. गोड पूर्ण सुटलंय असं मी म्हणणार नाही. पण आता खाल्लं तर सांगते.

वाघूरकाठ (१४ एप्रिल, दुपारी १.१०)

पाचोरेकर दादा, तुमचा प्रतिसाद मी स्टाफरूममध्ये वाचला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. आज बोलते मुलीशी.

लेक ताई, तुमची उत्तरं. रात्रीचं जेवण साडेसातला. त्यात अर्धी भाकरी, भाजी, थोडं वरण. सकाळी शाळेच्या घाईत चहा आणि दोन टोस्ट. डबा बारा वाजता, त्यात निम्मं परत येतं. मोजून पाहिलं, तीस ग्रॅमसुद्धा होत नाहीत. झोप साडेपाच तास, पेपर तपासायचे असतात. आणखी एक लिहायचं राहिलं. कधी कधी दुपारी अडीच-तीनला हात थरथरतात, घाम येतो, आणि गोड खाल्लं की बरं वाटतं. तेव्हा मी पेढा किंवा गोडीशेव खाते. जत्रेतून आणलेली पुडी माझ्या ड्रॉवरमध्ये असते.

औषधवाले_काका (१४ एप्रिल, दुपारी २.०५)

मुली, शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मी निवृत्त फार्मासिस्ट, भुसावळचा. बाकी सगळं बाजूला ठेव आणि आधी हे बघ.

धुळ्याच्या भाऊंनी सांगितलं ते लवकरचं डम्पिंग, खाल्ल्यावर दहा-तीस मिनिटांत होणारं. दुसरं असतं ते उशिराचं, एक ते तीन तासांनी. गोड किंवा मैद्याचं भराभर आत गेलं की रक्तातली साखर एकदम चढते, शरीर जास्तीचं इन्सुलिन सोडतं, आणि साखर खाली कोसळते. तेव्हा थरथर, घाम, घाबरल्यासारखं, डोकं हलकं. बायपासमध्ये जास्त, पण स्लीव्हमध्येही होतं. माणूस गोड खातो, बरं वाटतं, दोन तासांनी परत तेच. या फेऱ्यात तुझी ओढ अडकली असेल तर तो इच्छाशक्तीचा प्रश्नच नाही.

घरात ग्लुकोमीटर असेलच. पुढच्या वेळी थरथर सुटली की आधी बोट टोच. ७० च्या खाली असेल तर ती खरी घसरण, तेव्हा ग्लुकोज घ्यायचं, थोडंच, आणि बरं वाटलं की वर काहीतरी प्रथिनाचं, म्हणजे साखर परत कोसळणार नाही. आकडे लिहून सर्जनकडे जा. हे अंगावर काढायचं नाही. चक्कर येऊन जिन्यात पडशील.

आणि तो टोस्ट बंद कर. मैदा आहे तो.

चाळीसगावची_लेक (१४ एप्रिल, दुपारी २.३०)

काकांशी शंभर टक्के सहमत. डबा अर्धा परत येतो, अडीच वाजता थरथर, त्यावर गोडीशेव, रात्री साखर. ही एकच साखळी दिसतेय. सकाळी टोस्टऐवजी अंडं किंवा मुगाचं धिरडं पनीर घालून, आणि दहा-साडेदहाला मधल्या सुट्टीत काहीतरी प्रथिनाचं. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्धा तास थांबून.

नंदुरबारचे_नाना (१४ एप्रिल, सायंकाळी ७.३०)

किराणावाले भाऊ, वीस वर्षं प्रयत्न केलेत हे मला माहीत नव्हतं. ऑपरेशनबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही, पण ‘आळस’ मी म्हटलं नव्हतं आणि म्हणणारही नाही.

एक विचारतो. बाजारात शुगर-फ्री मिठाई मिळते, ती चालत नाही का?

औषधवाले_काका (१४ एप्रिल, रात्री ८.१५)

नाना, डब्याची मागची बाजू वाचायची. माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असेल तर जास्त खाल्ल्यावर पोटात वारा धरतो, जुलाब होतात, ऑपरेशन झालेल्याला तर लवकर. माल्टोडेक्सट्रिन असेल तर ते साखरेसारखंच चढतं. आणि मिठाईत साखर नसली तरी खवा, मैदा, तूप असतंच. कधीमधी ठीक. रोजची सवय लावली तर जिभेला गोडाची आठवण राहतेच.

अवांतर, पण सांगायलाच हवं. गोड सुटलं की काही जण दारूकडे वळतात. बायपासनंतर दारू फार लवकर चढते, आणि व्यसनाचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढलेला दिसतो. घरच्यांनी लक्ष ठेवावं.

बोरीकाठची_माहेरवाशीण (१५ एप्रिल, दुपारी १२.४०)

मी तुम्हा सगळ्यांशी थोडी असहमत आहे. माझं स्लीव्ह होऊन पाच वर्षं झाली. मी पूर्ण सोडलंय. एक घाससुद्धा नाही, कानबाईच्या रोटाचा प्रसादसुद्धा कपाळाला लावून घरातल्या लहानग्याला देते. कारण मला माहीत आहे, माझा एक घास एकावर थांबत नाही. ‘थोडंसं खा’ हा सल्ला ज्यांना जमतो त्यांच्यासाठी आहे. मला थोडं खाण्यापेक्षा अजिबात न खाणं सोपं जातं. पहिले वीस-पंचवीस दिवस कठीण गेले, नंतर ओढ विझली.

आईला आत्ताच सांग, आखाजीच्या दिवशी ताटावर बसून नाही. मी ती चूक केली होती. आई मांडा घेऊन उभी, मी नाही म्हणतेय, आजूबाजूला भावजया. आईचे डोळे भरून आले. तिला वाटलं, लेकीला माझ्या हातचं नकोसं झालं.

धुळ्याचा_किराणावाला (१५ एप्रिल, दुपारी १.०५)

माहेरवाशीण ताई, माझं उलटं आहे. पूर्ण बंद केलं की महिन्याने मी तुटून पडतो. ज्याने त्याने आपलं ओळखावं. पण आईला आधी सांगायचं, यावर माझा अंगठा.

शिंदखेडा_एक्सप्रेस (१५ एप्रिल, दुपारी १.३०)

अवांतर: खापरावरचे मांडे अजून घरी कोण करतं? आमच्याकडे आजी गेली आणि खापर माळ्यावर गेलं.

बोरीकाठची_माहेरवाशीण (१५ एप्रिल, दुपारी २.००)

माझी आई करते, ७२ वर्षांची आहे. मुठीएवढा पुरणाचा गोळा भरलेली कणीक आधी पोळपाटावर, मग दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवत नेते आणि उलट्या खापरावर अलगद सोडते. खापर फार तापलं तर मांडा फाटतो, कमी तापलं तर चिकटतो. ती पाण्याचा शिंतोडा मारून आवाजावरून ओळखते. मी खात नाही, पण चुलीपाशी बसून मांडे भाजू लागते. त्या वासाने मला त्रास होत नाही, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

वाघूरकाठ (४ मे, सकाळी १०.१५)

उशीर झाला, माफ करा. सगळ्यांना सांगायचं होतं.

त्याच रात्री मुलीशी बोलले. ती म्हणाली, ‘मला वाटलं तुझं परत पहिल्यासारखं होईल आणि तू दवाखान्यात जाशील.’ पाचोरेकर दादा, तुम्ही बरोबर होतात. आम्ही ठरवलं की साडेदहाला ओटा ती आवरेल आणि मी पेपर घेऊन आतल्या खोलीत बसेन. नंतर पेपर संपले, तरी ती आवरतेय.

ग्लुकोमीटरवर दोनदा सापडलं, ६४ आणि ६१. दोन्ही वेळा आदल्या दोन तासांत शाळेत कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक झाला होता. सर्जनना दाखवलं, त्यांनी जेवणाच्या वेळा बसवून दिल्या आणि आकडे लिहून ठेवायला सांगितलं. सकाळी आता दोन अंडी. ड्रॉवरमध्ये गोडीशेवेच्या जागी फुटाणे आले, भाऊ. दहा दिवसांत दुपारची थरथर थांबली. रात्रीची ओढ थांबलेली नाही, पण तिचा जोर ओसरलाय. पूर्वी ती मला उठवून न्यायची, आता ती आल्याचं मला कळतं.

आईला १६ तारखेला फोन केला. म्हटलं, आई, मला उशिराने चक्कर येते, मांडा पूर्ण जाणार नाही. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘मंग तुनासाठे काय करू?’ मला हा प्रश्न अपेक्षितच नव्हता. मी म्हटलं, मठाची उसळ कर, घट्ट, आणि ताक नको, दही ठेव.

आखाजीला घागर भरली, वर डांगर (खरबूज) ठेवलं, पितरांच्या नावाने विस्तवावर आगारी टाकली, आणि पानं वाढली. मी आधी उसळ खाल्ली, मग दही. तेवढ्याने पोट भरत आलं. आईने मांडा माझ्या ताटात ठेवला नाही, तिच्या ताटात ठेवला आणि घडीचं टोक माझ्यापुढे केलं. म्हणाली, ‘जितलं जाई तितलं खाय, बाकीनं मी खासू.’ मी तळहाताएवढा तुकडा तोडला, तुपाबरोबर, रस नाही. सावकाश खाल्ला. पुरणात वेलदोडा आणि सुंठ होती. इतक्या वर्षांत मांड्यात सुंठ असते हे मला कधी जाणवलं नव्हतं. दीड तासाने बोट टोचलं, ११८.

दुपारी आम्ही बहिणी झोक्यावर बसलो. मी चौदा वर्षांनी बसले. पूर्वी फांदीची भीती वाटायची.

हे सगळं वाचून माझं सुटलं असं समजू नका. परवा शाळेत निकाल होता, पेढे आले, मी तीन खाल्ले. संध्याकाळपर्यंत डोकं जड. घरी येऊन मुलीला सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं.’

औषधवाले_काका (४ मे, सकाळी ११.००)

११८ छान. पेढ्यांनंतर टोचलंस का?

वाघूरकाठ (४ मे, सकाळी ११.१२)

नाही काका. धीर झाला नाही.

औषधवाले_काका (४ मे, सकाळी ११.२०)

पुढच्या वेळी तेव्हाच टोच. तो आकडा डॉक्टरांना जास्त उपयोगाचा.

बोरीकाठची_माहेरवाशीण (४ मे, दुपारी १२.०५)

आईचं वाक्य वाचून डोळ्यात पाणी आलं. माझ्या आईलाही वाचून दाखवलं.

पुण्यातला_पाचोरेकर (४ मे, रात्री ९.३५)

मीही आईला फोनवर सगळा धागा वाचून दाखवला, पाऊण तास लागला. तिचा एकच प्रश्न आहे. घागरीवरचं डांगर घरात तसंच आहे, ते रात्री खाल्लं तर चालेल का?

चाळीसगावची_लेक (४ मे, रात्री ९.५०)

चालेल. एक वाटी, बिया काढून, चावून. डांगरात शंभर ग्रॅमला आठ ग्रॅमच्या आसपास साखर, बाकी पाणीच. फक्त आपल्याकडे वरून साखर भुरभुरवतात, तेवढी नको म्हणावं.